चार भाऊ, एक रांग

पोर्टफोलिओ म्हणजे काय, हे मला आमच्या घरात अजून नीट सांगता आलेलं नाही. पप्पांना वाटतं तो बायोडाटाच आहे, फक्त रंगीत. आईचं म्हणणं, हे म्हणजे दुकान उघडून बसायचं, गिऱ्हाईक आलं तर आलं. तसं बघितलं तर आईच जास्त जवळ आहे. वेबसाइट डिझाइन करणाऱ्या माणसाने आपली केलेली कामं एका पानावर मांडून ठेवायची, त्या पानाची लिंक दिसेल त्याला द्यायची आणि वाट बघायची. कामाने मी कधी एवढी थकले नाही, जेवढी त्या वाट बघण्याने थकले.

मी दापोडीची, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीतली. पप्पा एका कारखान्यात मशिनवर होते, आता घरी असतात. आई-पप्पांच्या दोन्ही बाजूंची नाती धरली तरी कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. काहींना तो माज वाटतो. वाटू दे. ज्यांच्याकडे आजोबांपासून पदव्या आहेत, त्यांना सांगायची गरज पडत नाही.

पदवीनंतर मी हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले. परदेशातल्या कंपन्यांच्या वेबसाइट आम्ही डिझाइन करायचो. सकाळी कॅब, संध्याकाळी कॅब, आणि कॅब बहुतेक वेळ एका जागी उभी. तिथे मी चांगलं काम केलं, हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कुणी सांगायची सोय नाही. जे केलं ते सगळं कंपनीचं. कामावर घेतानाच सही घेतलेली होती की, यातलं काही बाहेर दाखवायचं नाही. मी बनवलेली पानं आजही लोक रोज उघडत असतील, त्यांवर बोटं फिरवत असतील. ती माझी आहेत असं मला म्हणता येत नाही.

मग तिकडचा प्रोजेक्ट बंद झाला आणि आमची अख्खी टीम घरी आली.

मी ठरवलं, आता स्वतःचं काम करायचं. पण दाखवायला काय? एवढी वर्षं काम करून माझ्या पानावर ठेवायला एक गोष्ट नव्हती. तेव्हा या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं, खोटी गिऱ्हाइकं तयार केली. त्याला ‘कन्सेप्ट’ म्हणतात. एक कॉफीचं दुकान केलं, काळ्या पार्श्वभूमीवर कपातून वाफ हळूहळू वर जाताना दिसायची. एक लाकडी फर्निचरचं केलं, त्यात बर्फातलं घर होतं. एक ध्यानधारणेचं. सगळं इंग्रजीत. दिसायला ते खरंच देखणं होतं. त्याला दाद मिळाली ती माझ्यासारख्याच रिकाम्या बसलेल्या डिझायनरांची. मी त्यांच्या कामाला लाइकचा लाल बदाम पाठवायची, ते माझ्या कामाला पाठवायचे.

गिऱ्हाईक एकही आलं नाही. मी दवाखान्यांना लिंक पाठवली, क्लासवाल्यांना पाठवली, पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत स्वतः जाऊन मोबाईलवर दाखवली. ‘छान आहे, बघून सांगतो’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की समोरच्याने तोंड उघडायच्या आधी मला ते दिसायला लागलं.

अशात माझ्या आधीच्या टीमलीडचा फोन आला. बाई सरळ आहे, माझ्यापेक्षा थोडी मोठी, माझ्या कामाची किंमत तिला होती. ती आता दुसऱ्या कंपनीत होती, हिंजवडीतच.

“एक जागा आहे. तेच काम. तुझ्यासाठी थांबवून ठेवते, पण दसऱ्यापर्यंतच हं. त्यानंतर माझ्या हातात नाही.”

“तिथेही सही?”

“सही सगळीकडेच असते गं. तुला काय वर्तमानपत्रात नाव छापून हवंय का?”

तसंच काहीतरी हवं होतं, पण ते तिला काय सांगणार. फोन ठेवल्यावर मी स्वतःशी एक ठरवून टाकलं. दसऱ्यापर्यंत एक गिऱ्हाईक, फक्त एक, माझं पान बघून आपणहून आलं, तर हिंजवडीला जायचं नाही. ओळखीतलं चालणार नाही, पप्पांच्या मित्राचं चालणार नाही, आत्याच्या शेजारणीचं तर मुळीच नाही. पान बघून. नाही आलं, तर गपगुमान कॅबमध्ये बसायचं.

मधल्या काळात एक लग्न झालं, मावसबहिणीचं, चाकण रोडला मोशीच्या पुढे एका मंगल कार्यालयात. आम्ही निम्मे वऱ्हाडी रस्ता चुकून दुसऱ्याच लग्नात शिरलो होतो. तिथल्या नवरदेवाला हळद लागलेली बघून आमच्या एका काकांनी पाकीटसुद्धा काढलं होतं. शेवटी कार्यालयाच्या ऑफिसात जाऊन मी जरा तावातच म्हटलं, “तुमचं काही ऑनलाइन सापडत कसं नाही? नकाशा नाही, फोटो नाही.”

टेबलामागे घरची मोठी सून बसली होती. शिकलेली, बुकिंग तीच सांभाळायची. ती शांतपणे म्हणाली, “ताई, वेबसाइट करायचीय. दोन वर्षं करायचीय. पण आमच्याकडे चार सासरे आहेत. एकमत व्हायला हवं ना.”

चार सासरे म्हणजे तिचे सासरे आणि त्यांचे तीन भाऊ. मूळ गावातलं जुनं शेतकरी घर. रस्ता रुंद झाला, कारखाने आले, जमिनी गेल्या, आणि एक सामाईक तुकडा राहिला त्यावर हे कार्यालय उभं राहिलं. मी तिला सांगितलं, मी हेच काम करते. पान बघून आपणहून आलेलं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे माझ्या अटीत बसत नव्हतं. पण खरं काम होतं. खऱ्या जागेचं, खऱ्या माणसांचं. ते पानावर ठेवलं, तर दुसरं कुणीतरी येईल.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. दापोडीहून नाशिक फाट्यापर्यंत रिक्षा, तिथून चाकणची बस, आणि भोसरीपासून पुढे ट्रेलरच्या मागे ट्रेलर. थोरले सासरे ऑफिसात बसले होते. पांढरे कपडे, समोर मोबाईल उताणा. सुनेने माझं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी कॉफीची वाफ बराच वेळ बघितली.

“ही कॉफी कुठं मिळती?”

“कुठंच नाही. ते दुकान खरं नाही. नमुना म्हणून केलंय.”

“म्हंजे कॉफी न्हाई, दुकान न्हाई, आन् वेबसाइट हाय.” त्यांनी सुनेकडे बघितलं. “आमचं उलटं हाय बघा. कार्यालय हाय, पार्किंग हाय, आन् वेबसाइट न्हाई.”

सून हसली. मलाही हसावं लागलं. आतून चरफडले.

त्यांचं मागणं एकच होतं. कार्यालयाच्या कमानीवर मोठा फ्लेक्स होता, चौघा भावांचे चेहरे एका ओळीत, सारख्या मापाचे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. ती ओळ वेबसाइटच्या अगदी वर पाहिजे.

“लोकांना आधी हॉल बघायचा असतो,” मी म्हटलं. “किती माणसं बसतात, पार्किंग किती, मुलीकडच्यांना खोल्या किती.”

“ते खाली टाका की. खालनं बघतील. आदी आमी चौघं.”

“अहो, पण लग्न करणाऱ्याला तुमचे फोटो कशाला?”

“मालक कोन हाय ते कळाया नगं?”

आमच्या भागात हे नवं नाही. वाढदिवस असो, निवड असो, गेलेल्या माणसाची श्रद्धांजली असो, फ्लेक्सवर चेहरे येतात, आणि कुणाचा चेहरा केवढा नि कुठे यावरून अबोले धरले जातात. लग्नाच्या पत्रिकेत प्रेषकांची यादी वाचा, म्हणजे त्या घरात काय शिजतंय ते समजतं. मी हे सगळं बघतच मोठी झाले. पण मी शिकले होते, मला वाटत होतं मी त्यातून बाहेर पडले आहे. ओळ वर घालून देऊ, असं मी ठरवलं, आणि माझ्या पानावर दाखवताना ती कापून टाकू.

काम मी मन लावून केलं. रिकामा हॉल दुपारच्या उजेडात फार छान दिसायचा, त्याचे फोटो काढले. नकाशा असा दिला की आमच्या काकांनाही चुकता आलं नसतं. सगळं मराठीत. वर चार भाऊ, एका रांगेत, तंतोतंत सारखे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दाखवलं तेव्हा थोरल्यांनी मान डोलावली. गणपतीच्या आधी वेबसाइट सुरू झाली आणि सुनेने लिंक घरच्या ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “ताई, येऊ शकाल का? इथे महाभारत झालंय.”

मी गेले. चौघेही ऑफिसात होते. चौघांना एका खोलीत मी तोवर बघितलं नव्हतं. चौघांच्या खुर्च्या चार भिंतींना होत्या. मी बसायच्या आत धाकट्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पन्नाशीचा असेल, हातात जाड कडं.

“मी कुठंय यात?”

“खाली सरकवा ना थोडं.”

“किती खाली?” तो अंगठ्याने सरकवायला लागला. “हे थोरलं. त्याच्या खाली ह्यो. त्याच्या खाली ह्यो. आन् मग मी. पायापाशी बसवलाय मला.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटरचा पडदा रुंद, त्यावर चौघं एका रांगेत मावतात. मोबाईलचा पडदा अरुंद, त्यावर रांग आपोआप मोडते आणि चित्रं एकाखाली एक येतात. हे या धंद्याचं पहिलं गणित आहे. मी ते मोबाईलवर तपासलंही होतं आणि बरोबर म्हणून पुढे गेले होते. डिझाइन म्हणून ते बरोबरच होतं. पण इथे रांगेची उतरंड झाली होती, आणि अख्खं गाव वेबसाइट मोबाईलवरच बघत होतं.

मी हे सगळं सांगितलं.

“मोबाईलला काय कळतंय कोन वर आन् कोन खाली?” तिसरा म्हणाला. “कुनीतरी सांगितलं असंल.”

“कुनी म्हंजे?” थोरले म्हणाले. “मी सांगितलं व्हय?”

“मी नाव घेतलं का?”

“घ्यायचं काय ऱ्हायलंय मग?”

दोन नंबरचे भिंतीकडे बघत होते. तेवढंच म्हणाले, “बंद करून टाका. कमानीवर हाय तेवढं बास.”

 वेबसाइट बंद झाली तर माझ्याकडे पुन्हा वाफ आणि बर्फ. मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तिथेच बसून एकेक करून दाखवायला लागले. मोबाईलवरही चौघं एका रांगेत बसवले.

“हे काय,” धाकटा म्हणाला, “टिकलीएवढी तोंडं. मतदार यादीत यापरीस मोठी असत्यात.”

दोन वर, दोन खाली.

“मग वरचे कोन आन् खालचे कोन?”

एकामागून एक येतील, थोड्या थोड्या वेळाने बदलत राहतील.

“पयला कोन?” तिसऱ्याने विचारलं.

“उघडेल तेव्हा वेगळा येईल, कधी हा, कधी तो.”

“म्हंजे पाव्हण्यानं उघडलं आन् थोरला आला, तर मी काय सांगू, थांबा, माझा नंबर येतोय?”

कामातले लोक मला कधी एवढे बारकाईने प्रश्न विचारत नसत. हिंजवडीत आम्ही मोठमोठ्या बैठका घ्यायचो, त्यात कुणी हे विचारलं नव्हतं. मला राग येत होता आणि तरी मनातून वाटत होतं की हे जे अडलंय ते खरं अडलंय, यांनी उगाच काढलेलं नाही. हे चौघं ज्याला मान म्हणतात, तो माझ्या पडद्यावर मावत नव्हता.

मी म्हटलं, “चौघांचा मिळून एकच फोटो काढू. शेजारी शेजारी बसून. एकच फोटो असला की मोबाईलला तो तोडता येत नाही. लहान होईल, पण चौघं राहतील एकत्रच.”

 सून माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

तिने मला चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं आणि सांगितलं. बाकीची जमीन विकली, तेव्हाच्या वाटणीपासून हे चौघं एका फोटोत उभे राहिलेले नाहीत. घरच्या लग्नात चौघं मांडवाच्या चार टोकांना. फ्लेक्सवरचे फोटो चार ठिकाणी काढून एकत्र चिकटवलेले. मी कमानीकडे बघितलं. मला ते आधीच दिसलं होतं की. एकाच्या चेहऱ्यावर ऊन उजवीकडून, दुसऱ्याच्या डावीकडून, तिसरा सावलीत. मी त्याला ढिसाळ काम म्हणून नाक मुरडलं होतं.

आत परत गेलो तेव्हा धाकटा म्हणाला, “बसू की. बसायला काय झालंय. पन मधी कोन?”

“चार जणांत मधे एकटा कुणी येतच नाही,” मी म्हटलं. “दोघं येतात.”

त्याने बोटं दुमडून बघितली. मग थोरल्यांकडे न बघता म्हणाला, “हे बराबर हाय.”

फोटोसाठी सगळे एका सकाळी आले, चार गाड्यांतून. कार्यालय रिकामं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. स्टेजवरचा नवरानवरीचा सोफा दोघांपुरता होता, म्हणून मी त्यांना स्टेजच्या कडेवर बसवलं, पाय खाली सोडून. तिथे सगळ्यांची उंची सारखी होत होती. कार्यालयाचा नेहमीचा फेटे बांधणारा बोलावला होता. तो शेवटचा फेटा बांधताना पुटपुटला, “चारी नवरदेव तयार, आता वऱ्हाड आणा.”

धाकटा फिसकन हसला. मग तिसराही. दोन नंबरचे हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मी पटापट फोटो काढत होते. बाकी सगळा वेळ चौघांमध्ये एक वाक्य झालं. तिसरा दोन नंबरच्यांना म्हणाला, “जरा तिकडं सरक.” ते सरकले.

सगळे फोटो दाखवले. मला हसलेला आवडला होता. त्यांनी न हसलेला निवडला. “हसलेला नगं,” थोरले म्हणाले. या एका गोष्टीवर चौघांचं लगेच एकमत झालं. मग ते खाली उतरले आणि चार गाड्यांतून गेले. कुणी कुणाला गाडीत घेतलं नाही. मी त्यांची मनं जुळवायला गेले नव्हते, आणि ती जुळलीही नाहीत. वेबसाइट मात्र राहिली.

गणपती गेले. पितृपक्ष आला. माझ्या पानावर ते काम ठेवायची वेळ आली. ठरवल्याप्रमाणे मी चौघांचा फोटो कापून एक नुसता हॉल असलेली आवृत्ती तयार केली. सुंदर दिसत होती. एखाद्या परदेशी मासिकात शोभली असती. बघता बघता मला तिचा कंटाळा आला. कारण असं कार्यालय कुठे नव्हतंच. हेही कॉफीचंच दुकान झालं होतं.

शेवटी मी फोटो परत जागेवर ठेवला. कॉफी काढून टाकली, फर्निचर काढून टाकलं, ध्यानधारणा काढली. इंग्रजी काढलं. एकच काम उरलं. त्याच्याखाली मी मराठीत सरळ लिहिलं, घरातलं भांडण सोडून. मालक चार आहेत, चौघांचा मान सारखा हवा होता, मोबाईलवर रांग मोडत होती, काय काय करून पाहिलं, कशाला नाही म्हटलं आणि का, आणि मग काय केलं. सुनेला वाचायला पाठवलं. तिचं उत्तर आलं, “असू दे. खरं आहे.” कार्यालयाच्या वेबसाइटच्या तळाशी माझं नाव आणि पानाची लिंक टाकायला तिने आधीच परवानगी दिली होती.

नवरात्र बसलं. फोन वाजत नव्हता. वाजला तो टीमलीडचा.

“तुझं नवीन पान बघितलं. एकच प्रोजेक्ट? आणि हे फेटेवाले कोण गं?”

“क्लायंट.”

“मस्त आहेत. पण हे बघून कोण काम देणार तुला? खरं सांगते, राग मानू नको. आधीचं तरी प्रोफेशनल वाटायचं.” आणि पुढे म्हणाली, “दसरा शुक्रवारी आहे. तोवर कळव.”

राग तर आलाच.  घरात पप्पा सगळं ऐकत होते, आमच्याकडे फोनवर खाजगी बोलायला जागाच नाही. ते म्हणाले, “जा ना गं हिंजवडीला. शिकलेल्या माणसाने बसमधून हेलपाटे मारायचे, तर आम्ही तुला शिकवलं कशाला?” हे ते रागावून म्हणाले नाहीत. त्यांना माझे पाय दिसत होते, सुजलेले.  मला झोप हवी होती फक्त. हो म्हणून टाकावं आणि झोपावं, असं वाटत होतं. मी टीमलीडला मेसेज लिहूनही ठेवला, होकाराचा. पाठवला नाही, एवढंच. उद्या पाठवू म्हटलं.

त्या उद्याला दुपारी अनोळखी नंबर आला. मागे मशिनचा आवाज, माणूस ओरडूनच बोलत होता.

“मॅडम, तुम्ही वेबसाइट करता ना? ते चार भाऊवाली?”

“हो.”

“आमचं चाकणला वर्कशॉप आहे. मशिनवर पार्ट पकडून ठेवायला लागतात ती फिक्श्चर बनवतो. आम्ही तिघं पार्टनर आहोत, एकाच कॉलेजचे.”

“माझा नंबर कुणी दिला तुम्हाला?”

“कुणी नाही. बहिणीच्या लग्नाला कार्यालय बघत होतो, तिथून खाली तुमच्या पानावर गेलो. ते सगळं वाचलं. आम्ही तिघांनी बसून वाचलं.” तो हसला. “मॅडम, चौघांत मधला येत नाही, हे बरोबर. पण तिघांत येतो ना.”

“येतो. मग मधे कोणाला बसायचंय?”

“तोच तर लोचा आहे. कुणालाच नाही. गेटवरच्या बोर्डावर तिघांचे फोटो आहेत, त्यात मधे दिसला की लोक त्यालाच मालक समजतात, सगळे फोन त्यालाच करतात, रविवारी पण. गेले सहा महिने तो मीच आहे. आता दुसऱ्या कुणीतरी बसावं.” मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, त्याचं ऐकू नका, तोच बरा आहे मधे!”

मी म्हटलं, येऊन बघते. कधी येऊ विचारलं. त्याने वर्कशॉपचा पत्ता पाठवतो म्हटलं, आणि मोठ्या गेटमधून न येता मागच्या रस्त्याने या, म्हणजे कंटेनरमध्ये अडकणार नाही, हेही सांगितलं.

आनंद झाला का, असं आता कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. त्या वेळी मी नुसती भिंतीला टेकून बसले. मग कालचा मेसेज खोडला आणि दुसरा लिहिला, की मी येत नाही, जागा दुसऱ्या कुणाला दे, आणि एवढे दिवस थांबवून ठेवलीस त्याबद्दल आभार. तिचं उत्तर लगेच आलं. “फेटेवाल्यांमुळे?” मी लिहिलं, “हो.”

पप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “ओळखीतला आहे?”

“नाही. पान बघून आला.”

“कुणीच नाही सांगितलं त्याला?”

“कुणीच नाही.”

त्यांना त्यात एवढं काय ते कळलं नाही, दिसतच होतं. ते उठले, बाहेर जाऊन चप्पल पुसायचं जुनं फडकं शोधून घेऊन आले आणि माझे बूट समोर घेऊन बसले. “चाकणला चिखल असेल अजून,” ते म्हणाले.

मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि कागदावर तीन गोल काढले. एका रांगेत काढले तर मधला येतोच. त्रिकोणात काढले तर एक वर जातो. डोळे मिटत होते. तरी मी चौथ्यांदा काढून बघितले.